राजगडाहून तोरण्यास – एकटीने

आमच्या घरी गडकिल्ल्यांचे वेड जुने आहे. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत इतर जोडपी महाबळेश्वरी किंवा माथेरानी जात असता आम्ही दोघे सिंहगडाच्या पायथ्याशी दशम्यांचे गाठोडे सोडून बसलो होतो, इतके सांगितले म्हणजे वाचकांच्या ध्यानी आमच्या संसाराची तऱ्हा येईल. पुढे मुलगी झाली, ती चालू लागली व यथाकाल आपल्या संसारासही लागली. परंतु दर हिवाळ्यात दोन-चार गड पायांखाली घालण्याचा आमचा परिपाठ सुमारे तीस वर्षे अखंड चालला. ‘हे’ पुढे चालावयाचे, मी मागे. वाट शोधणे, पाणी किती उरले ते पाहणे, ‘आता परतले पाहिजे’ असे सांगणे ही सारी कामे ह्यांची; आणि फुलांची नावे सांगणे, इतिहास आठवणे व फराळाची वाटणी करणे ही माझी. मी शाळेत भूगोल शिकवीत असे. तरीही डोंगरात नकाशा कधी माझ्या हाती आला नाही; व आला नाही याची मला खंतही वाटली नाही.

२०२२ साली ह्यांच्या दोन्ही गुडघ्यांवर शस्त्रक्रिया झाली. सपाटीवर ते आता उत्तम चालतात. पण गडाची उतरण त्यांस कायमची वर्ज्य झाली. आमच्या मनात एक बेत मात्र वर्षानुवर्षे राहून गेला होता. तो म्हणजे राजगडावरून डोंगराच्या धारेने निघून एका दिवसात तोरण्यास पोहोचावयाचे व वेल्ह्यास उतरावयाचे. दोनदा ठरला आणि दोनदा मोडला. एके दिवशी चहा घेताना हेच म्हणाले, “मी नाही म्हणून तू का बसून राहावेस? तू जा.” मी हसून विषय टाळला. तथापि बोललेले शब्द मनात जाऊन बसलेच.

ज्यांनी तो प्रदेश पाहिला नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द सांगते. पुण्याच्या नैर्ऋत्येस हे दोन्ही गड शेजारी-शेजारी उभे असून समुद्रसपाटीपासून त्यांची उंची सुमारे चौदाशे मीटर भरते. तोरणा हा शिवाजी महाराजांनी अगदी आरंभीच्या काळात घेतलेला गड. राजगड ही तर स्वराज्याची पहिली राजधानी. सुमारे पाव शतक राज्यकारभार तेथून चालला. २०२५ च्या जुलैत युनेस्कोने जागतिक वारशात मराठ्यांचे जे बारा किल्ले समाविष्ट केले त्यांत राजगडाचाही अंतर्भाव आहे. राजगडास पद्मावती, सुवेळा व संजीवनी अशा तीन माच्या आणि मधोमध बालेकिल्ला. यांपैकी संजीवनी माची सुमारे अडीच किलोमीटर लांबीची असून पश्चिमेकडे, म्हणजे तोरण्याच्या बाजूस, एखाद्या अजगरासारखी पसरली आहे. तिच्या अळू दरवाजातून बाहेर पडले की डोंगराची धार लागते. ती धार उतरत-उतरत एका खिंडीत येते. तेथून भुतोंड्याकडे जाणारा डांबरी रस्ता ओलांडून पुन्हा चढ लागतो, आणि हा चढ तोरण्याच्या बुधला माचीस जाऊन भिडतो. उलट्या ठेवलेल्या बुधल्यासारखा तेथील सुळका दिसतो म्हणून माचीस हे नाव. दोन गडांमध्ये एवढेच अंतर. राजगडावरून पाहिले तर तोरणा हात लांबवून शिवावा इतका जवळ दिसतो. माझा घात केला तो या ‘दिसण्या’नेच.

जानेवारी २०२४ मध्ये मी पहिल्याने एकटी निघाले. ‘राजगड पाहून दुपारी चारपर्यंत गुंजवण्यास उतरते’ असे ह्यांस सांगितले होते, व ते सांगताना मी खोटे बोलत नव्हते. परंतु साडेअकराच्या सुमारास संजीवनी माचीच्या टोकाशी उभी राहिले. हवा थंड होती, पाय ताजे होते, व तोरणा समोर हसत होता. ‘आजच का नाही?’ असा प्रश्न मनात उठला. त्यास उत्तर देणारे जवळ कोणीच नव्हते. तीस वर्षांत अशा प्रश्नाचे उत्तर देण्याचे काम मी कधी केलेच नव्हते! मी अळू दरवाजातून बाहेर पडले.

पुढची हकीकत लांबवीत नाही. पाऊण तासात वाट चुकले. गुरांच्या पायवाटेने धारेखाली उतरून कारवीच्या रानात शिरले व तेथून पुन्हा वर येण्यात एक तास आणि होते नव्हते ते पाणी संपले. चार वाजता कशीबशी खिंडीत पोहोचले तेव्हा मांड्यांत गोळे आले होते व जीभ टाळूस चिकटली होती. फोनला संपर्क मिळेना. रस्त्याच्या वर थोड्या अंतरावर एक घर होते. तेथील म्हातारीने माझ्याकडे पाहिले व एक शब्दही न बोलता हंड्यातील पाणी तांब्यात ओतून पुढे केले. मी तीन तांबे प्याले तेव्हा ती म्हणाली, “एकलीच हाय व्हय? घरी म्हाईत हाय का?” मी मान खाली घातली.

दिवेलागणीला आलेल्या दुधाच्या गाडीतून मी वेल्ह्यास आले व आठ वाजता घरी फोन लागला. ह्यांचा आवाज शांत होता. फारच शांत होता. साडेपाचपर्यंत वाट पाहून ह्यांनी गुंजवण्यातील ज्या घरी मी सकाळी चहा घेतला होता त्या घरी फोन केला होता, आणि गावचे चार तरुण बॅटऱ्या घेऊन अंधारात गड चढले होते. ते माझ्या नावाने हाका मारीत पद्मावती माची धुंडाळीत होते. त्यांना परत बोलावीपर्यंत एकाचा पाय उतरणीवर मुरगळला होता. तीन आठवडे त्यास कामावर जाता आले नाही.

आजवर पुष्कळांनी मला विचारले आहे की, एकटीने जाण्यात भीती कशाची वाटते. पडण्याची, सापाची, की माणसांची? मी सांगते, त्या मुलाच्या सुजलेल्या घोट्याची. ‘माझा जीव, माझी हौस’ असे म्हणून मनुष्य एकटा निघतो खरा; पण चुकला की ती चूक एकट्याची राहत नाही. कोणा अनोळखी घरचा कमावता मुलगा तिच्यापायी रात्री कडा चढतो. एकट्याने केलेल्या अविचाराचा भार असा दुसऱ्याच्या पायावर पडतो, हे मला त्या दिवसापूर्वी कोणी सांगितले असते तर मी पुस्तकी बोध म्हणून सोडून दिले असते.

पंधरा दिवसांनी आम्ही दोघे गुंजवण्यास गेलो. मुलाचा बुडालेला रोज ह्यांनी त्याच्या हाती ठेवू लागताच त्याने हात मागे घेतला. अखेर त्याच्या आईकडे तो द्यावा लागला. मी क्षमा मागितली. ती माउली म्हणाली, “पुन्हा या बाई. पन जिथं जायाचं तिथलंच सांगून जावा.” परत येताना गाडीत मी ह्यांस म्हटले, “आता गड पुरे झाले.” त्यावर हे बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले व मग म्हणाले, “गड पुरे कशाला? तयारी पुरी नव्हती.” त्या दिवसापासून आमच्या तयारीस प्रारंभ झाला. ‘आमच्या’ हा शब्द मी बुद्ध्याच योजिला आहे.

तयारीचे आम्ही तीन भाग केले. पायांची, वाटेची आणि घड्याळाची.

पायांच्या तयारीत माझी पहिली समजूत चुकीची निघाली. गड चढण्यास दम लागतो म्हणून चढण्याचाच सराव करावा असे मला वाटे. पण म्हातारपणी मनुष्यास दगा देते ती उतरण. चढताना मांडीचे स्नायू आखडून काम करतात. उतरताना तेच स्नायू ताणले जात असता सर्व शरीराचा भार तोलून धरतात, व त्यामुळे त्यांच्या तंतूंना बारीक इजा होते. म्हणूनच गड उतरून आल्यावर खरे दुखणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरू होते. यावर उपाय एकच, थोडे-थोडे उतरण्याची सवय. मी मार्चपासून आठवड्यातून चार दिवस पर्वतीच्या पायऱ्या चढू-उतरू लागले. प्रथम मोकळ्या हातांनी, मग पाठीवर दोन लिटर पाणी घेऊन, मग चार. पावसाळा संपताच दर रविवारी सिंहगड सुरू केला. पहिल्या रविवारी जिना उतरताना कठड्यास धरून चालावे लागले. सहाव्या रविवारी घरी येऊन मी पुरणाचा घाट घातला. त्या वेळी माझे वय एकोणसाठ होते, ही गोष्ट येथे नमूद करते ती बढाईसाठी नव्हे. ‘आता आमचे वय झाले’ असे पन्नाशीतच म्हणणाऱ्या मैत्रिणींसाठी करते.

याच सुमारास ह्यांनी माझ्यापुढे एका अमेरिकन आजीबाईंचे चरित्र आणून ठेविले. एमा गेटवुड हे त्यांचे नाव. जन्म १८८७ चा, ओहायो संस्थानातल्या शेतकरी कुटुंबात. अकरा मुलांची आई. नवऱ्याच्या मारहाणीत जिची तीस-पस्तीस वर्षे गेली अशी ही बाई १९५५ मध्ये सदुसष्टाव्या वर्षी एकटी निघाली आणि अॅपलाचियन पर्वतरांगेची दोन हजारांहून अधिक मैलांची वाट ३ मे रोजी आरंभून २५ सप्टेंबर रोजी पुरी केली. पायांत साधे कापडी बूट, खांद्यावर स्वतः शिवलेली पिशवी. ‘जरा चालून येते’ एवढेच मुलांना सांगून ती निघाली होती. हे वाचून मी ह्यांस जरा चढेलपणानेच म्हटले, “पाहिलेत? हिनेही घरी सांगितले नव्हते.” त्यावर हे म्हणाले, “मागचे पान पुन्हा वाच.” मागच्या पानावर १९५४ ची हकीकत होती. त्या वर्षी बाई उत्तरेकडून निघाल्या होत्या. थोड्याच दिवसांत वाट चुकल्या, चष्मा फुटला, व रानरक्षकांच्या सांगण्यावरून त्यांना घरी परतावे लागले. जगाने १९५५ लक्षात ठेवले. मला मात्र १९५४ अधिक जवळचे वाटले. जी परत फिरली तीच पुढल्या वर्षी पोहोचली!

वाटेच्या तयारीसाठी भारतीय सर्वेक्षण खात्याचा पन्नास हजारांस एक या प्रमाणाचा नकाशा आणला. भूगोलाची शिक्षिका म्हणून समोच्चरेषा मी हजार वेळा फळ्यावर काढल्या असतील. पण वीस मीटरच्या अंतराने काढलेल्या त्या तपकिरी रेषा जेथे एकमेकींस चिकटतात तेथे कडा असतो, हे माझ्या पायांस ठाऊक नव्हते. नोव्हेंबरात सारी वाट दोन तुकड्यांत पाहून घेतली; एकदा राजगड ते खिंड, दुसऱ्यांदा खिंड ते तोरणा. वाटाड्या म्हणून बरोबर आला तो गुंजवण्याचाच, पाय मुरगळलेला तो मुलगा. त्याने मला एक नियम शिकविला. “काकू, धा-पंदरा मिनिटं खून दिसली न्हाई की शेवटच्या खुनंपातूर मागं यायचं. पुढं जाऊन वाट गावत न्हाई. मागं येऊन गावती.” हा नियम मी वहीत तांबड्या शाईने लिहून ठेविला.

घड्याळाची तयारी सर्वस्वी ह्यांची. विल्यम नेस्मिथ नावाच्या एका स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली डोंगरातील वेळेचा एक सोपा आडाखा सांगितला होता. दर तीन मैलांस एक तास, व दर दोन हजार फूट चढणीस आणखी एक तास धरावा. ह्यांनी त्या हिशेबास माझे वय, आपल्याकडील ऊन व पायांखालचा मुरूम ध्यानी घेऊन दीडपट केली आणि पोस्टकार्डाएवढ्या कागदावर सहा ठिकाणे लिहिली. प्रत्येकापुढे दोन वेळा. एक पोहोचण्याची, दुसरी अखेरची. ‘बुधल्याचा पायथा : दोन वाजता. अखेर : पावणेतीन. त्यानंतर खिंडीत परत.’ अशी ती भाषा. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. म्हणून वेल्ह्याची वेळ साडेपाच. त्याच कागदाची दुसरी प्रत ह्यांच्या खिशात व तिसरी गुंजवण्याच्या त्या घरी राहावयाची होती. माझ्या गळ्यात एक शिटी अडकविली. मिनिटास सहा वेळा वाजवावी, मग एक मिनिट थांबावे व पुन्हा सहा. हा संकटाचा संकेत पर्वतारोहकांत रूढ आहे. नखे कापणे, कड्यावर आग्यामोहोळे असतात म्हणून सुगंधी तेल-पावडर वर्ज्य करणे, साडेतीन लिटर पाणी, लिंबू-मीठ-साखर, दोन दशम्या, चिकटपट्ट्या, बॅटरी, वाऱ्याचा अंगरखा. सर्व मिळून पाठीवरील ओझे सहा किलो भरले.

डिसेंबर २०२४ च्या दुसऱ्या आठवड्यात मी आदल्या रात्री गुंजवण्यास मुक्काम केला व पहाटे साडेपाचला निघाले. बॅटरीच्या उजेडाने पुढची चार पावले तेवढी दिसत, आणि वाटेवर चार पावलेच दिसण्यात एक प्रकारची शांतता असते, असा त्या पहाटेचा माझा अनुभव आहे. चोरदरवाजाखालच्या खडकातील गजांस हात घातला तेव्हा पूर्वेकडे तांबडे फुटले होते. आठास पाच मिनिटे असता पद्मावती माचीवर होते. देवीस नमस्कार केला, सईबाईसाहेबांच्या समाधीपाशी क्षणभर उभी राहिले. १६५९ साली त्या या गडावरच निवर्तल्या. पाणी भरून घेतले व बालेकिल्ल्याकडे न वळता संजीवनीची वाट धरली.

संजीवनी माचीचा दुहेरी तट पाहताना दरवेळी मन थक्क होते. दोन भिंतींच्या मधल्या चिंचोळ्या बोळातून शत्रूचा तोफगोळा बाहेरची भिंत फोडून आला तरी आतली भिंत उभीच राहावी अशी ती रचना. अळू दरवाजापाशी नऊ चाळीस झाले. जानेवारीत जेथे तो प्रश्न मनात उठला होता ती हीच जागा. मी कागद काढला. ‘अखेर : दहा.’ या वेळी प्रश्नास उत्तर देणारे कोणी बरोबर होते.

धारेवर वारा सुटला होता. एका अंगास गुंजवणीचे खोरे धुक्याने भरलेले, दुसऱ्या अंगास भाटघरच्या जलाशयाची टोके उन्हात चमकत होती. मध्ये दोन-तीन हात रुंदीची वाट, दोन्ही बाजूंस वाळलेले गवत. गेल्या वेळी जेथून खाली घसरले ती गुरांची वाट दिसली. किती साळसूद, किती सपाट! चुकीच्या वाटा बहुधा सोप्याच असतात. बारास दहा मिनिटे कमी असता खिंडीत उतरले व त्या घरी गेले. म्हातारी अंगणात नाचणी पाखडीत होती. तिने मला ओळखले.

“आज तरी सांगून आलीस न्हवं?”

मी तिच्यापुढे कागद धरला. तिला वाचता येत नव्हते, तरी तिने तो उलटसुलट करून पाहिला, “मालकानं लिवलाय?” असे विचारले, व परत माझ्या हाती देऊन पाणी आणावयास आत गेली. मी तिच्यासाठी चहा-साखर नेली होती. पंधरा मिनिटे बसले. कागदावर त्यांची सोय होती.

यानंतरचा चढ मात्र परीक्षा पाहणारा. ऊन डोक्यावर, मुरूम पायांखालून सरकणारा. पाऊण वाट चढून गेल्यावर मी एका आडव्या, सावलीच्या वाटेस लागले. दहा मिनिटे गेली. दगडावर रंगविलेला बाण दिसेना. नोव्हेंबरात याच ठिकाणाहून गेले होते, पण त्या वेळी मी त्या मुलाशी बोलत चालले होते. सोबत असली की मनुष्याचे डोळे निम्मेच उघडे असतात. वाट तर पुढे चांगली दिसत होती, बुधल्याच्याच रोखाने जात होती. मन म्हणू लागले, ‘आणखी पाच मिनिटे. मागे गेलो तर वेळ जाईल; वेळ गेला तर अखेरची वेळ टळेल; आणि इतक्या महिन्यांचे कष्ट...’ मी थांबले. एकटीने चालणे म्हणजे काय ते मला त्या जागी कळले. आपल्यातच दोघांनी मिळून चालावयाचे असते. एकाने पुढे जावयाचे, दुसऱ्याने ‘थांब’ म्हणावयाचे. तीस वर्षे हे दुसरे काम ह्यांनी केले. ज्याला आपल्यातील हा दुसरा सापडला नाही त्याने, पाय कितीही बळकट असोत, एकट्याने निघू नये.

मी मागे फिरले. शेवटच्या बाणापाशी आले, तेव्हा खरी वाट डाव्या हातास खडकातून सरळ वर गेलेली दिसली. बाण तेथे होताच; मीच तो न पाहता गेले होते. पंचवीस मिनिटे खर्ची पडली. बुधल्याच्या पायथ्याशी पोहोचले तेव्हा घड्याळात दोन वाजून अडतीस मिनिटे झाली होती. अखेरच्या वेळेस सात मिनिटे बाकी.

अडतीसच्या ऐवजी पन्नास मिनिटे झाली असती तर मी खरोखर परत फिरले असते काय, असा प्रश्न मी स्वतःस पुष्कळदा विचारला आहे. समोर वीस मिनिटांवर माची. मागे दोन तासांची उतरण. ‘होय’ असे छातीवर हात ठेवून सांगण्याचे धाडस मला होत नाही. त्या सात मिनिटांनी मला उत्तीर्ण केले असे मी मानीत नाही. परीक्षा पुढे ढकलली, इतकेच.

तेथे फोनला संपर्क मिळाला. ‘बुधला. २.३८. पुढे.’ असा संदेश ह्यांस धाडला व लोखंडी शिडीस हात घातला. खाली पाहिले नाही. एका वेळी एकच हात किंवा एकच पाय हलवावयाचा, उरलेले तीन घट्ट. हा धडा मनात म्हणत वर आले. माचीवरून चालत कोकण दरवाजातून गडात शिरले आणि मेंगाई देवीच्या देवळापाशी येऊन बसले, तेव्हा पावणेचार होत आले होते. दशमी सोडली. समोर राजगड, त्याची संजीवनी माची माझ्याच दिशेने पसरलेली. सकाळी जेथे उभी राहून मी हा गड पाहिला होता ते टोक आता येथून दिसत होते. आनंद झाला का? झाला, पण तो आरोळी ठोकावी असा नव्हता. अर्धी दशमी मी सवयीने बाजूस काढून ठेविली होती, हे मात्र खाऊन झाल्यावर ध्यानी आले.

बिनी दरवाजातून खाली उतरताना पर्वतीच्या पायऱ्यांचे मोल कळले. गुडघे कुरकुरले, पण त्यांनी दगा दिला नाही. वेल्ह्यात शिरले तेव्हा सहास दहा मिनिटे होती आणि तोरण्यामागे आकाश केशरी झाले होते. चहाच्या टपरीबाहेरील बाकावर हे बसले होते. शेजारी मोटरसायकल लावून गुंजवण्याचा तो मुलगा उभा होता. मला पाहताच त्याने टाळी वाजविली. हे मात्र प्रथम घड्याळाकडे पाहते झाले, मग माझ्या पायांकडे, आणि सर्वांत शेवटी माझ्या चेहऱ्याकडे.

“अर्धी दशमी उरली आहे,” मी म्हटले.

ह्यांनी ती घेतली व दुसऱ्या हाताने माझ्याजवळचा कागद मागून घेतला. प्रत्येक ठिकाणापुढे मी पेन्सिलीने खरी वेळ लिहिली होती. तो कागद हे टपरीच्या दिव्याखाली धरून, शाळेत मुलांचा पेपर तपासावा तसा वरपासून खालपर्यंत वाचून गेले. बुधल्याच्या ओळीवर बोट थांबले.

“सात मिनिटे फार थोडी झाली,” हे म्हणाले. “पुढच्या वेळी अर्धा तास आधी निघ.”